वर्गात सगळं येतं, भांडणात काहीच येत नाही : बीपीडी आणि भावना हाताळण्याचं प्रशिक्षण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या धाकट्या बहिणीला, वय 26, बीपीडीचं म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, भावना फार तीव्र होतात आणि आवरत नाहीत अशा विकाराचं, निदान झालं आहे. तीन महिने ती दर आठवड्याला डीबीटी या थेरपीच्या, भावना हाताळण्याची कौशल्यं शिकवणाऱ्या स्किल्स ग्रुपला ऑनलाइन बसते. तिथलं सगळं तिला तोंडपाठ आहे; एकदा तर तिने आईलाच राग कसा हाताळायचा ते तासभर समजावून सांगितलं. पण घरात काही बिनसलं की पहिले पाढे पंचावन्न. आरडाओरडा, फेकाफेक, खोलीचं दार लावून घेणं, आणि या तीन महिन्यांत दोनदा स्वतःला इजा. आईचं म्हणणं, ‘हिला येतं सगळं, करायचं नाही.’ तुम्ही विचारता : ती खरंच मनावर घेत नाहीये का, फी भरत राहायची का, आणि भडका उडालेला असताना आम्ही नेमकं बोलायचं काय?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि डीबीटी पद्धतीचे ग्रुप बरीच वर्षं मराठीतून घेते. बहिणीला मी भेटलेले नाही, त्यामुळे तिच्याबद्दल निदानाच्या थाटात काही बोलणार नाही. पण तुम्ही सांगितलेलं चित्र इतकं नेहमीचं आहे की तिसऱ्या महिन्यात ग्रुपमध्ये कुणी ही तक्रार केली नाही, तर ग्रुपमधल्यांनी रोज भरायची डायरी खरी भरली जाते आहे ना, अशी मला शंका येते.

‘मनावर घेत नाही का’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याच्या मुळाशी एक समज असतो : एखादी गोष्ट समजली म्हणजे ती करता यायलाच हवी. भावनांच्या बाबतीत हे लागू पडत नाही. शांत असताना शिकणं हे एक काम, आणि तेच डोकं तापलेलं असताना आठवणं, करावंसं वाटणं आणि करता येणं ही वेगळी कामं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहन यांनी डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी बांधली, ती वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी. तिची पहिली मोठी चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिची रचना चार पायांची आहे. ग्रुपमध्ये कौशल्यं शिकायची. वैयक्तिक सेशनमध्ये ती का वापरली गेली नाहीत ते उकलायचं. अडीनडीला थेरपिस्टला फोन करून ‘आत्ता काय करू’ एवढंच विचारायचं. आणि थेरपिस्टांनी आपापसांत बसून एकमेकांना ताळ्यावर ठेवायचं. तुमच्या पत्रात फक्त ग्रुपचा उल्लेख आहे. वैयक्तिक सेशन चालू नसेल, तर बहीण धडा शिकते आहे, पण तो घरी का उतरत नाही हे विचारणारं कुणी नाही. हे सगळ्यात आधी तपासा.

आता आईच्या वाक्याकडे येते, कारण उत्तर तिथे दडलं आहे. डीबीटीत रोज एक डायरी कार्ड भरायचं असतं. दिवसभरात कोणती भावना किती तीव्र होती, स्वतःला इजा करावीशी किती वाटली, हे आकड्यांत लिहायचं. कौशल्यांसाठी एक वेगळी पट्टी असते, 0 ते 7. शून्य म्हणजे कौशल्य आठवलंच नाही. 1 म्हणजे आठवलं, पण वापरावंसं वाटलं नाही. 2 म्हणजे आठवलं, वापरावंसंही वाटलं, तरी वापरलं नाही. 3 म्हणजे वापरून पाहिलं, जमलं नाही. 4 म्हणजे जमलं, पण उपयोग झाला नाही. 5 म्हणजे जमलं आणि उपयोगही झाला. 6 आणि 7 म्हणजे न ठरवता आपोआप वापरलं गेलं, फक्त 6 मध्ये उपयोग झाला नाही आणि 7 मध्ये झाला.

बाहेरून बघणाऱ्या आईला 0 ते 4 हे सगळं एकसारखंच दिसतं : भिंतीवर आपटलेली थाळी. आतून मात्र या पाच वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. शून्य असेल तर आठवण करून देणारी काही सोय लागते, आणि शांत असताना शंभर वेळा केलेली तालीम. 3 असेल तर सराव कमी पडतो आहे. 4 असेल तर बहुधा चुकीच्या पातळीला चुकीचं कौशल्य वापरलं जातंय. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. 2 हा आकडा आपल्या घरांमध्ये मला खूप दिसतो. दोन खोल्यांचं घर, हॉलमध्ये वडील बातम्या बघतायत, स्वयंपाकघरात आई. मुलीला आठवतं की उठून तोंडावर पाणी मारायचं आहे, पण सगळ्यांच्या देखत ते करणं म्हणजे ‘हो, मी आजारी आहे’ असं जाहीर करणं. म्हणून ती करत नाही, आणि पुढच्या मिनिटाला थाळी जाते.

आई म्हणते ते, म्हणजे ‘येतं पण करायचं नाही’, हा 1 आहे. तोही असतो, नाही कशाला म्हणू. पण त्यामागे आळस किंवा लबाडी क्वचितच सापडते. बऱ्याचदा तिथे ‘काय उपयोग, शेवटी सगळे मलाच बोलणार’ ही निराशा असते. कधी त्या क्षणी राग बरोबरच वाटत असतो, आणि तो सोडणं म्हणजे समोरच्याचं म्हणणं मान्य करणं असं वाटतं. म्हणून मी वैयक्तिक सेशनमध्ये ‘का नाही केलंस’ असं मोघम विचारत नाही. काय करायचं ते माहीत होतं का? करायची तयारी होती का? करावं हा विचार मनात आला का? आला, तर मध्ये काय आडवं आलं? या क्रमाने विचारलं की उत्तर साधारण दहा मिनिटांत हाती येतं. तुम्ही घरी हे प्रश्न विचारू नका, ते उलटतपासणीसारखे वाटतील. तिच्या थेरपिस्टने विचारायला हवेत.

भडका इतक्या लवकर आणि इतका मोठा का होतो, हेही घरच्यांना माहीत असावं. लिनेहन यांची मांडणी अशी आहे की काही माणसांची भावनिक घडण जन्मतःच तीन अंगांनी वेगळी असते : लहानशा गोष्टीनेही भावना जागी होते, जागी झाली की फार तीव्र होते, आणि पूर्वपदावर यायला फार वेळ घेते. अशा मुलाला ‘एवढं काय झालं त्यात’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’, ‘रडूबाई’ हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, तर आपल्याला वाटतंय ते खरं आहे की नाही हेच त्याला कळेनासं होतं. हळूच सांगितलेलं कुणी ऐकत नाही, ओरडून सांगितलेलं ऐकतात, हेही ते शिकतं. हा आईवडिलांवरचा ठपका नाही. इतर मुलांच्या बाबतीत जे बोलणं सहज खपून जातं, ते या मुलाला लागतं. तिसरं अंग सगळ्यांत जास्त विसरलं जातं. तुमच्या दृष्टीने सकाळचं भांडण सकाळीच मिटलेलं असतं. तिच्या अंगात ते संध्याकाळीही चालू असतं, आणि त्यावर दुसरं काही आलं की ‘एवढ्याशा कारणावरून’ स्फोट झालेला दिसतो.

आता पातळीचा मुद्दा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात नॅन्सी ब्लम आणि सहकाऱ्यांनी बीपीडीसाठी स्टेप्स नावाचा 20 आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला. तो नेदरलँड्समध्येही चांगला रुजला. त्यात भावनेची तीव्रता 1 ते 5 अशी मोजतात आणि ती शेगडीवरच्या भांड्याच्या चित्राने दाखवतात. मी ग्रुपमध्ये त्या भांड्यात दूध घालते, म्हणजे वेगळं काही समजवावं लागत नाही. कडेला बुडबुडे धरले तेव्हा गॅस बारीक करता येतो. साय वर चढायला लागली की भांडं उतरवायलाच लागतं. आणि उतू गेलं की त्या क्षणी फक्त पुसायचं असतं, ‘किती वेळा सांगितलं लक्ष ठेव म्हणून’ हे नंतर.

1 ते 3 या पातळ्यांवर विचारांची कौशल्यं चालतात : घडलं काय आणि मी त्याचा अर्थ काय लावला हे वेगळं करणं, आपली भावना ओळखून तिला नाव देणं, समोरच्याला नीट शब्दांत मागणं. 4 आणि 5 वर ती चालत नाहीत. त्या वेळी माणूस तर्क ऐकू शकत नाही, स्वतःचाही नाही. तिथे शरीरापासून सुरुवात करावी लागते. श्वास रोखून, पुढे वाकून, गार पाण्यात अर्धा मिनिट चेहरा बुडवला किंवा डोळ्यांवर आणि गालांवर गार पट्टी दाबून धरली, तर हृदयाचे ठोके मंदावतात; पाण्यात बुडी मारताना शरीर जे आपोआप करतं तेच हे. पाणी गार हवं, बर्फासारखं नको, 10 अंश सेल्सियसच्या खाली जाऊ नये. हृदयविकार असेल, ठोके मंद करणारी औषधं चालू असतील किंवा खाण्याशी संबंधित आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करायचं नाही. दुसरा उपाय, इमारतीचे जिने दमेपर्यंत चढणं. तिसरा, मिनिटाला पाच-सहा इतका संथ श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब. यातलं काहीही प्रश्न सोडवत नाही. ते फक्त 5 वरून 3 वर आणतं, आणि तेही थोड्या वेळापुरतं. त्या थोड्या वेळात पुढचं काही करता आलं तर करायचं.

ग्रुपमध्ये हुशार असलेल्या लोकांची इथे पंचाईत होते, आणि तुमची बहीण त्यातली वाटते. त्यांना विचारांची कौशल्यं आवडतात, बोलायला छान असतात. जिने चढणं बावळटपणाचं वाटतं. मग 5 वर असताना त्या ‘वस्तुस्थिती तपासायला’ जातात, ते जमत नाही, आणि ‘माझ्यावर काही चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. डायरीत 4 लागतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. डीबीटीतल्या ‘भावनांचं नियमन’ या भागाचा मोठा हिस्सा भांडणाच्या वेळी करायचाच नसतो. तो आठवड्यातल्या इतर सगळ्या वेळी करायचा असतो. दुखणं अंगावर काढायचं नाही, वेळेवर जेवायचं, झोप पुरी करायची, दारू किंवा तत्सम गोष्टींपासून लांब राहायचं, रोज अंग हलवायचं. ऐकायला आजीच्या उपदेशासारखं वाटतं, म्हणून याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. पण रात्री तीनपर्यंत मोबाइल, सकाळी नुसता चहा आणि दुपारी दोनला पहिला घास, हे चालू असेल तर कौशल्यं कुठल्या पायावर उभी करायची? मी नव्या सदस्याच्या डायरीत आधी झोपेचा रकाना बघते, भावनांचा नंतर.

दुसरं म्हणजे रोज एखादी थोडी अवघड आणि जमेल अशी गोष्ट करणं, ज्यातून ‘मला हे येतं’ असं वाटेल. आणि तिसरं, येणाऱ्या प्रसंगाची आधीच तालीम. समजा गणपतीत सगळे नातेवाईक जमणार आहेत आणि मावशी लग्नाचं काढणार हे ठरलेलंच आहे. आठ दिवस आधी बहिणीने डोळे मिटून तो प्रसंग उभा करायचा : हातात प्रसादाची वाटी आहे, मावशी विचारते आहे, मान आणि खांदे ताठ होतायत. तिथे ती काय बोलेल, कुठे बघेल, उठून आत गेली तर काय करेल, आणि हे करूनही मावशी थांबली नाही तर पुढे काय, हे सगळं मनात करून बघायचं. आपण धीराने निभावून नेतोय असं बघायचं. सगळं छान पार पडलं असं नाही. बेत मावशीच्या भरवशावर करायचा नसतो.

तुम्ही दार लावून घेण्याबद्दल लिहिलंय, त्यावर थोडं. भडका ओसरल्यावर बहुतेकींना भयंकर लाज वाटते. लाज वाटली की लपावंसं वाटतं. लपलं की घरात अबोला, अबोल्यातून ‘मी कुणालाच नको आहे’, आणि मला दिसलंय की स्वतःला इजा बऱ्याचदा भांडणात होत नाही, या टप्प्यावर होते. भावना जे करायला सांगते त्याच्या उलट, पण अर्धवट नाही तर पुरतेपणी करायचं, असं एक कौशल्य आहे. लाजेच्या बाबतीत त्याचा अर्थ : दार उघडून बाहेर यायचं, मान वर ठेवून सगळ्यांबरोबर चहा घ्यायचा. मात्र आधी एक प्रश्न विचारावा लागतो. ही भावना प्रसंगाला धरून आहे का? तिने वडिलांचा चष्मा फोडला असेल तर अपराधी वाटणं योग्यच आहे. तिथे उलट वागायचं नसतं, माफी मागायची आणि चष्मा दुरुस्त करून आणायचा. पण ‘मी जन्माला यायलाच नको होतं’ ही लाज चष्म्याच्या मापाची नाही. तिथे बाहेर येऊन चहा. या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी कराव्या लागू शकतात, आणि त्या वेगळ्या काढायला शिकणं यात महिने जातात.

आता तुम्ही काय बोलायचं. काय बोलायचं नाही ते आधी सांगते : ‘तुझी ती स्किल्स वापर ना आता.’ ग्रुपमधल्या सगळ्या जणी एकमुखाने ज्याबद्दल तक्रार करतात ते हेच वाक्य. ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं की मला काय झालंय ते तुम्हाला ऐकायचं नाही, मी गप्प झाले की तुमचं काम झालं. शिवाय कौशल्य हे भांडणातलं हत्यार होऊन बसतं, आणि ते वापरलं म्हणजे हार. मग डायरीत 1 लागतो.

त्याऐवजी तिच्या भावनेतलं जे खरं आहे तेवढं मान्य करा. मान्य करणं म्हणजे सहमत होणं नव्हे. ‘मी न विचारता तुझ्या मैत्रिणीला फोन केला, याचा तुला राग येणं साहजिक आहे’ असं म्हणताना ‘म्हणून थाळी फेकणं ठीक आहे’ असं तुम्ही म्हणत नसता. आवाज खाली, वाक्यं छोटी, प्रश्न जवळजवळ नाहीतच. 5 वर असलेल्या माणसाला ‘पण का?’ विचारायचं नाही. ‘मी इथेच आहे. आत्ता नको बोलायला. अर्ध्या तासाने बोलू’ एवढं पुरे, आणि मग अर्ध्या तासाने खरंच बोला. न बोलता विषय मिटवून टाकला, तर पुढच्या वेळी त्या अर्ध्या तासावर तिचा विश्वास राहणार नाही. अंगावर धावून जाणं, मारणं असं काही असेल तर तिथून बाजूला व्हा. ते सहन करणं हा उपचाराचा भाग नाही.

मान्य करायला खोटं काही बोलायचं नाही, हेही लक्षात ठेवा. ‘तुझंच बरोबर’ असं आई वैतागून म्हणते, ते तिला लगेच कळतं. खरा सापडेल तेवढाच कण धरायचा. कधी तो अगदी लहान असतो : ‘तुला खूप त्रास होतोय हे दिसतंय मला.’ चालतो.

आणखी एक गोष्ट, जी भांडणाच्या बाहेरची आहे. ती हळू आवाजात ‘आज बरं वाटत नाहीये’ म्हणते तेव्हा घरात काय होतं, याचा आठवडाभर माग ठेवा. बहुतेक घरांत काहीच होत नाही. सगळे फोनमध्ये. आरडाओरडा झाला की मात्र तिघेही तिच्याभोवती. हे कुणी जाणूनबुजून करत नाही, पण ज्याला प्रतिसाद मिळतो ते वागणं टिकतं. म्हणून पहिल्या वाक्याला उठून जवळ बसा. भावना 2 वर असताना दिलेली दहा मिनिटं 5 वरच्या दोन तासांपेक्षा जास्त कामाची ठरतात. डायरी कार्डात मात्र डोकावू नका, तिने दाखवल्याशिवाय नाही. दोनच दिवसांत ती तुमच्यासाठी भरायला लागेल.

तिने स्वतःला केलेल्या इजेबद्दल मोघम लिहून चालणार नाही. दोन वेळा झालं हे थेरपिस्टला माहीत आहे ना, हे बहिणीलाच सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. घरातली औषधं कुलपात ठेवा, धारदार साधनं हाताशी राहणार नाहीत असं बघा, आणि हे तिला सांगून करा. वैयक्तिक थेरपिस्ट असेल तर फोन कधी करायचा हे ठरलेलं हवं. डीबीटीत फोन इजा करण्याआधी करायचा असतो. इजा झाल्यावर जिवाला धोका नसेल तर पुढचे 24 तास कौशल्यांसाठीचा फोन नसतो. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण मदत आधी मिळते, नंतर नाही, हे त्यातून रुजतं. जिवाला धोका वाटला तर थेरपिस्टची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. पोलीस केस होईल या भीतीने काही घरं दवाखान्यात जायला उशीर करतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि शिक्षेपासून संरक्षण देतं. त्या भीतीपायी वेळ घालवू नका.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. बीपीडीचे निकष नऊ, त्यातले कोणतेही पाच असले की निदान होतं. म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त निकषांच्या 256 वेगवेगळ्या जुळण्या होतात. मी जे लिहिलं त्यातलं काही तुमच्या बहिणीला लागूच पडणार नाही. सोबत नैराश्य, जुन्या अत्याचाराचा आघात, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) किंवा व्यसन असेल तर क्रम बदलतो. औषधांचा उपयोग अशा सोबतच्या आजारांसाठी होतो. मूळ बीपीडीसाठी म्हणून औषधं देऊ नयेत असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं 2009 चं मार्गदर्शक सूत्र सांगतं. पण चालू असलेली औषधं ते वाचून स्वतःहून बंद करायची नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाची अट. घरात किंवा कामाच्या ठिकाणी तिच्यावर खरोखरच अन्याय, मारहाण किंवा छळ होत असेल, तर तिचा राग आणि भीती प्रसंगाला धरून आहेत. तिथे भावना शांत करायला शिकवणं म्हणजे सोसायला शिकवणं. तिथे परिस्थिती बदलावी लागते. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण पत्र भावाचं आहे, बहिणीचं नाही, म्हणून लिहिलं.

राहिला फीचा प्रश्न. 2015 मध्ये लिनेहन यांच्याच गटाने 99 स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला : एका गटाला पूर्ण डीबीटी, दुसऱ्याला मुख्यतः कौशल्यवर्ग, तर तिसऱ्याला कौशल्यवर्गाशिवाय वैयक्तिक थेरपी. ज्या दोन गटांत कौशल्यवर्ग होता, त्यांत उपचाराच्या वर्षभरात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण जास्त घटलं. तेव्हा ग्रुप वायफळ नाही. पण डीबीटी हा एकमेव मार्ग आहे असंही नाही. टोरांटोच्या 2009 च्या, 180 जणांच्या अभ्यासात नीट बांधलेल्या सर्वसाधारण मनोविकार उपचारांनी वर्षभरात डीबीटीइतकाच फरक दाखवला. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे आवडत नाही. दोन्हीकडे नियमितपणा होता, उपचार करणारे बीपीडी जाणणारे होते, आणि मला वाटतं अर्धं काम त्यानेच होतं. पाटीवर डीबीटी लिहून दोन दिवसांचं शिबिर घेणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं.

लांबचा विचार करताना बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलचा अभ्यास मी घरच्यांना आवर्जून सांगते. मेरी झनारिनी यांनी तो 1992 मध्ये सुरू केला, 290 रुग्णांचा. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात 93 टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं सलग निकषांच्या खाली राहिली. मात्र लक्षणं शमून नोकरी-शिक्षण आणि नाती असं दोन्ही नीट चाललं आहे, असे साधारण निम्मेच. म्हणजे भडके थांबणं हा पहिला टप्पा आहे, आणि बहिणीचं अडलेलं शिक्षण किंवा काम ‘आधी बरी हो, मग बघू’ म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही.

तर तीन महिन्यांवर निकाल देऊ नका. कौशल्यांची एक फेरी पुरी व्हायला साधारण 24 आठवडे लागतात आणि बरेच ग्रुप तीच फेरी पुन्हा घेऊन वर्ष पुरं करतात. कदाचित तिच्या ग्रुपमध्ये भावनांच्या नियमनाचा भाग अजून सुरूही झाला नसेल, विचारून घ्या. एक फेरी झाल्यावर ‘भडके बंद झाले का’ हे बघू नका. ते शेवटी बंद होतात. आधी सावरायला लागणारा वेळ कमी होतो, संध्याकाळपर्यंत चालायचं ते दोन तासांत आटपतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून विषय काढायला लागते. डायरीत शून्याच्या जागी 2 आणि 3 दिसायला लागतात; घरात थाळी अजून पडत असते, तरी ही प्रगतीच असते. सहा महिन्यांनी यातलं काहीच हललं नसेल, तर ग्रुप बंद करण्याआधी थेरपिस्टला विचारा की तुम्ही काय बदलणार आहात. ठोस उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा.

तोवर, बहिणीची हरकत नसेल तर पुढच्या एखाद्या सेशनला तुम्ही आणि आईही अर्धा तास बसा. कोणत्या पातळीला तिला एकटं सोडायचं, कोणत्या पातळीला कुणी जवळ बसायचं, आणि पाणी मारायला उठली तर कुणीही काही बोलायचं नाही, एवढं थेरपिस्टसमोर ठरवून घ्या. यादी तिला करू द्या.